घरची सी++ टेस्टिंग लायब्ररी डेबियन पॅकेजमध्ये: कंपाइल केलेली द्यावी की नुसता सोर्स?

शिरोली_बिल्ड

मंडळी, रामराम. फौंड्रीतल्या भट्ट्यांचं तापमान आणि मोल्डिंग लाइनचे सिग्नल गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी 'तपास' नावाची घरचीच एक सी++ टेस्टिंग लायब्ररी आहे. असर्शन मॅक्रो, फिक्स्चर (टेस्टची पूर्वतयारी करणारा क्लास), मॅचर (किंमत जुळते का ते बघणारा) आणि मॉडबसचं, म्हणजे कारखान्यातल्या उपकरणांच्या संवादाच्या प्रोटोकॉलचं, एक खोटं पोर्ट एवढाच पसारा. सहा सोर्स फाइली, अकरा हेडर. ती वापरणारे तीन प्रोजेक्ट आहेत आणि तिघांचे कंपाइलर फ्लॅग तीन तऱ्हेचे:

गेटवे: ३२-बिट एआरएम बोर्डासाठी क्रॉस-कंपाइल होतो, टेस्ट मात्र आधी साध्या ६४-बिट पीसीवर चालतात. '-एफनो-एक्सेप्शन्स', म्हणजे एक्सेप्शन बंद करणारा फ्लॅग, लावलेला.
डॅशबोर्ड: सी++१७.
रिपोर्ट सर्व्हिस: सी++२०, टेस्टला ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा).

सगळीकडे डेबियन १२. सध्या 'लिबतपास-डेव्ह' नावाचं पॅकेज आहे, त्यात हेडर आणि एक स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे डॉट-ए फाइल. लायब्ररीच्या सीमेक (बिल्डची मांडणी करणारं साधन) फाइलीत सी++१४ सक्तीने लावलेलं आहे. अडचणी दोन:

१. डॅशबोर्ड लिंक होत नाही. स्ट्रिंग-व्ह्यू घेणाऱ्या मॅचरच्या कन्स्ट्रक्टरसाठी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो.

२. गेटवे लिंक होतो, साध्या टेस्ट पासही होतात. पण ज्या फिक्स्चरमध्ये स्वतःचे मेंबर आहेत तिथे पहिल्या मेंबरमध्ये भलतीच मोठी संख्या येऊन बसते. फिक्स्चरच्या बेस क्लासमध्ये क्रमाने नाव, अडवलेला एक्सेप्शन आणि टेस्ट सुरू झाल्याची वेळ असे मेंबर आहेत. मधला मेंबर एक्सेप्शन चालू असतील तरच, मॅक्रोच्या अटीखाली.

पॅकेजमध्ये नुसता सोर्स द्यावा असा विचार आहे. ते बरोबर का? फाइली कुठे ठेवायच्या, कंट्रोल फाइलीत आर्किटेक्चर काय लिहायचं, आणि वापरणाऱ्या प्रोजेक्टने तो सोर्स बिल्डमध्ये कसा ओढायचा? ऑफिसात एकाचं म्हणणं आहे की पॅकेजच नको, तिन्ही रिपॉझिटरीत गिट सबमॉड्यूल टाका. बिल्ड मशीनला इंटरनेट नाही, हेही लक्षात घ्या.

रंकाळा_टर्मिनल

दोन्ही अडचणी एकाच मुळातल्या. फरक एवढाच की पहिलीत लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) ओरडला आणि दुसरीत गप्प बसला.

सी++ मध्ये एका क्लासची व्याख्या अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच असली पाहिजे, हा वन डेफिनिशन रूल. हेडर एकच असलं तरी फ्लॅग बदलले की मॅक्रो बदलतात, आणि मॅक्रो बदलले की तेच हेडर वेगळा क्लास तयार करतं. डॅशबोर्डच्या बाबतीत स्ट्रिंग-व्ह्यू हा सी++१७ मधला टाइप. तुमची डॉट-ए सी++१४ मध्ये कंपाइल झाली, त्यामुळे तिच्यात तो कन्स्ट्रक्टर तयारच झाला नाही. डॅशबोर्डने मात्र १७ मध्ये हेडर वाचलं, त्याला कन्स्ट्रक्टरची घोषणा दिसली. फंक्शनच्या पॅरामीटरचा टाइप सिंबॉलच्या नावात येतो, म्हणून लिंकरला कमतरता कळली. गूगलटेस्ट या प्रसिद्ध सी++ टेस्टिंग लायब्ररीतही अगदी हाच एरर येतो: लायब्ररी १४ मध्ये आणि टेस्ट १७ मध्ये बांधल्या की.

आता गेटवे. ६४-बिटवर जीसीसीच्या लायब्ररीने हिशेब मांडा: व्हर्च्युअल टेबलचा पॉइंटर ८ बाइट, नावाची स्ट्रिंग ३२, एक्सेप्शन पॉइंटर ८, वेळ ८. एकूण ५६, आणि वेळ ४८ व्या बाइटपासून. एक्सेप्शन बंद असले की मधले ८ गेले: एकूण ४८, वेळ ४० पासून. गेटवेच्या टेस्टने ४८ बाइटचा बेस धरला आणि स्वतःचा पहिला मेंबर ४८ वर ठेवला. डॉट-ए मधलं फंक्शन मात्र ५६ च्या हिशेबाने वेळ ४८ वरच लिहितं. तुम्हाला दिसणारी ती मोठी संख्या म्हणजे टेस्ट सुरू झाल्याची वेळ. नॅनोसेकंदात वाचून बघा, पटेल.

साध्या टेस्ट का पास होतात तेही यातच आहे. जीलिबसीच्या मॅलॉककडे (मेमरी देणारं फंक्शन) ४८ बाइट मागितले तर प्रत्यक्षात वापरण्याजोगे ५६ मिळतात. जादा लिहिलेले ८ बाइट त्या फटीत पडतात आणि कुणालाच लागत नाहीत. क्लासचा आकार किंवा मेंबरची जागा सिंबॉलच्या नावात कुठेच नसते, त्यामुळे लिंकरकडून काही अपेक्षा ठेवू नका.

म्हणून टेस्टिंग लायब्ररी सोर्स स्वरूपात देण्याची पद्धत जुनीच आहे. आधीच कंपाइल केलेली कॉपी सिस्टिमवर टाकू नका, प्रत्येक प्रोजेक्टने आपल्याच फ्लॅगने ती बांधावी, असं गूगलटेस्टच्या लेखकांनीच सांगितलं होतं. डेबियनने ते मानलं. उबुंटू १८.०४ मध्ये 'लिबजीटेस्ट-डेव्ह' टाकलं की हेडर मिळायचे आणि सोर्स '/यूएसआर/एसआरसी/गूगलटेस्ट' मध्ये यायचा, डॉट-ए नव्हतीच. नव्याने शिकणाऱ्या पोरांचा 'लायब्ररी सापडत नाही' हा प्रश्न त्यातूनच आला.

थोडक्यात, तीन फ्लॅगसेट असतील तर नुसता सोर्सच द्या.

गंगावेस_जीसीसी

एवढं ताणायची गरज आहे का? उबुंटू २०.०४ पासून त्याच लिबजीटेस्ट-डेव्हमध्ये डॉट-ए परत आलीच की. लोक मुकाट्याने वापरतात, काही बिघडत नाही. सी++१४ ची सक्ती काढा, डिस्ट्रोच्या डीफॉल्टने बांधा. जीसीसी १२ चा डीफॉल्ट सी++१७ आहे, डॅशबोर्ड लगेच सुटेल.

रंकाळा_टर्मिनल

डॅशबोर्ड सुटेल, गेटवे नाही. डेबियन दोन्ही देतं: सामान्य वापराला डॉट-ए, आणि ज्याचे फ्लॅग वेगळे त्याला 'गूगलटेस्ट' पॅकेजमध्ये सोर्स. हजारो पॅकेजेसचं ओझं वाहणाऱ्या डिस्ट्रोला ते परवडतं, कारण तिथले बहुतेक सगळे डीफॉल्ट फ्लॅगनेच बांधतात. इथे तीनपैकी दोन डीफॉल्टवर नाहीत. आणि डॉट-ए हाताशी असली की कुणीतरी तीच लिंक करणार, कारण ते सोपं. फेडोराने तर शेअर्ड लायब्ररीचा मार्ग धरलाय, पण त्यात बायनरी इंटरफेस जपायची जबाबदारी येते. घरच्या लायब्ररीला ती नको.

सॅनिटायझरबद्दल: ॲड्रेस सॅनिटायझर असलेल्या टेस्टला बिनसॅनिटायझरची डॉट-ए जोडली तर चालतं, फक्त लायब्ररीच्या आतल्या चुका दिसत नाहीत. क्लँगचा मेमरी सॅनिटायझर लावायचा झाला तर मात्र सगळा कोड त्याच फ्लॅगने बांधलेला लागतो, नाहीतर खोट्या तक्रारींचा पाऊस.

कागल_नाका_डेब

पॅकेजिंगचं मी सांगतो. भावा, आधी एक ठरव: हेडर आणि सोर्स एकाच पॅकेजात, एकाच झाडाखाली. '/यूएसआर/एसआरसी/तपास' मध्ये सीमेकलिस्ट्स, 'सीमेक', 'इन्क्लूड' आणि 'एसआरसी' हे चारच. '/यूएसआर/इन्क्लूड' मध्ये हेडर टाकू नकोस. तो रस्ता कंपाइलर न सांगता बघतो, म्हणजे कुणी टार्गेट लिंक करायला विसरला तरी हेडर सापडतं आणि गडबड लिंकपर्यंत लपून राहते. हेडर वेगळ्या पॅकेजात ठेवायचेच असतील तर दोघांची व्हर्जन बरोबर-चिन्हाने बांध, आणि त्यात 'बायनरी:व्हर्जन' न लिहिता 'सोर्स:व्हर्जन' लिही.

कंट्रोल फाइल. आर्किटेक्चर 'ऑल', कारण आत मशीन कोड काहीच नाही. एकच डेब फाइल पीसीलाही आणि बोर्डालाही. 'मल्टी-आर्च: फॉरेन' लिहायला विसरू नकोस. 'ऑल' पॅकेज एपीटीच्या (डेबियनचं पॅकेज आणणारं साधन) दृष्टीने बिल्ड मशीनच्याच आर्किटेक्चरचं धरलं जातं. गेटवे क्रॉस-बिल्ड करताना त्याच्या बिल्ड-डिपेंड्समधलं (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) 'तपास-सोर्स', म्हणजे हे नवीन पॅकेज, एआरएमचं हवं असा हट्ट धरला जातो आणि डिपेंडन्सी सुटत नाही. फॉरेन लिहिलं की सुटते.

पण यात एक खड्डा आहे. खोट्या मॉडबस पोर्टसाठी लायब्ररी 'लिबमॉडबस-डेव्ह' चे हेडर घेत असेल, तर ते तपास-सोर्सच्या डिपेंड्समध्ये टाकायचा मोह होतो. टाकलंस की क्रॉस-बिल्डमध्ये ६४-बिट पीसीची लिबमॉडबस येते, एआरएमची नाही, कारण 'ऑल' पॅकेजच्या डिपेंडन्सी मूळ आर्किटेक्चरनेच सुटतात. लिबमॉडबस-डेव्ह हे नाव तपास वापरणाऱ्या प्रोजेक्टच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये जाऊ दे. 'शलिब्स:डिपेंड्स' इथे निरुपयोगी, शोधायला बायनरीच नाही. 'मिस्क:डिपेंड्स' ठेव.

बिल्ड-डिपेंड्समध्ये 'डेबहेल्पर-कॉम्पॅट' बरोबर १३ आणि सीमेक. जी++ लिहावं लागत नाही, ते बिल्ड-इसेन्शियलमध्ये येतं. सोर्स फॉरमॅट '३.० क्विल्ट'.

रूल्स फाइलीत नेहमीची 'डीएच' ची ओळ. नुसता सोर्स द्यायचा म्हणून बिल्ड पायरी गाळू नकोस: लायब्ररी आणि तिच्या स्वतःच्या टेस्ट कंपाइल होऊ देत, 'डीएच_ऑटो_टेस्ट' चालू दे, मग 'ओव्हरराइड_डीएच_ऑटो_इन्स्टॉल' रिकामं ठेव. त्यामुळे बांधलेली डॉट-ए पॅकेजात शिरत नाही, आणि इन्स्टॉल फाइलीत लिहिलेला सोर्सच तेवढा जातो.

इन्स्टॉल फाइलीत काय राहून जातं ते सांगतो, दर वेळी हेच घडतं. लोक डॉट-सीसी आणि सार्वजनिक हेडर घेतात, आणि 'एसआरसी' मधलं आतलं हेडर विसरतात, किंवा 'सीमेक' फोल्डरमधली मदतनीस फाइल. गूगलटेस्टमध्ये ती 'इंटर्नल_युटिल्स.सीमेक'. ती नसेल तर सीमेक पहिल्याच पायरीवर थांबतं. तुमच्याकडे सगळ्या सोर्स एकत्र इन्क्लूड करणारी 'तपास-ऑल.सीसी' अशी फाइल असेल तर ती 'एसआरसी/...' अशा रस्त्याने बाकीच्यांना बोलावते, म्हणजे कंपाइल करताना 'इन्क्लूड' सोबत लायब्ररीच्या मूळ फोल्डरचाही '-आय' लागतो. मेकफाइलवाल्यांसाठी हे रीडमी-डेबियनमध्ये लिही.

गिटइग्नोर फाइली जाऊ देऊ नकोस, लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं साधन) पकडतो. लायसन्सची वेगळी फाइल एसआरसीत टाकलीस तरी 'एक्स्ट्रा-लायसन्स-फाइल' म्हणून ओरडतो, मजकूर कॉपीराइट फाइलीत हवा.

आणि '-डब्ल्यूएरर', म्हणजे वॉर्निंगला एरर धरणारा फ्लॅग. लायब्ररीच्या सीमेकमध्ये असेल तर पॅच लावून काढ. तुझ्या मशीनवर आज स्वच्छ बांधणारा सोर्स पुढच्या कंपाइलरवर नवीन वॉर्निंग देणार, आणि ती वॉर्निंग वापरणाऱ्याचा बिल्ड पाडणार. जीसीसी ११ आल्यावर जुन्या गूगलटेस्टचं हेच झालं: डेथ-टेस्टच्या फाइलीत 'डमी' नावाचं व्हेरिएबल बहुतेक इनिशियलाइझ केलेलं नाही अशी वॉर्निंग, आणि -डब्ल्यूएररमुळे तिचा एरर.

शिरोली_बिल्ड

लई उपयोगी. कंट्रोल फाइल तशीच केली, पॅकेज बनलं, लिंटियन गप्प. आता गेटवेच्या सीमेकमध्ये ॲड_सबडिरेक्टरीला '/यूएसआर/एसआरसी/तपास' दिलं तर म्हणतं की ही डिरेक्टरी प्रोजेक्टच्या आत नाही, बायनरी डिरेक्टरी स्पष्ट सांगा. आणि एकाने थेट '/यूएसआर/एसआरसी/तपास' मध्ये जाऊन सुडोने सीमेक-मेक केलंय, तिथे काम झालं म्हणे.

शाहूपुरी_सीमेक

त्या एकाला आधी थांबवा. तिथे तयार झालेल्या फाइली डीपीकेजीच्या (पॅकेज बसवणारं-काढणारं साधन) यादीत नाहीत, त्यामुळे पॅकेज काढताना 'डिरेक्टरी रिकामी नाही, काढली नाही' असं म्हणून तो कचरा तिथेच राहतो. त्याहून वाईट म्हणजे तिथे सीमेककॅश.टीएक्सटी पडून राहते. नंतर कुणी दुसऱ्या फोल्डरमधून नुसता त्या रस्त्याने सीमेक चालवला, की सीमेकला वाटतं हा आधीचा बिल्ड-फोल्डरच आहे, आणि तो तिथेच बांधायला बघतो. सुडो नसेल तर परमिशनचा एरर येतो आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. कॅश आणि ऑब्जेक्ट फाइली हाताने पुसा, पॅकेज रीइन्स्टॉल करा.

आता ॲड_सबडिरेक्टरी. बाहेरचा सोर्स असेल तर दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे बिल्ड कुठे करायचा ते नाव, द्यावंच लागतं:

ॲड_सबडिरेक्टरी(/यूएसआर/एसआरसी/तपास तपास-बिल्ड एक्सक्लूड_फ्रॉम_ऑल)

शेवटचा शब्द अशासाठी की लायब्ररीच्या इन्स्टॉल पायऱ्या गेटवेच्या इन्स्टॉलमध्ये मिसळू नयेत. मिसळल्या तर गेटवेच्या डेबमध्ये तपासचे हेडर आणि डॉट-ए जातात. दोन प्रोजेक्टने तेच केलं की एका मशीनवर दोन्ही टाकताना डीपीकेजी 'दुसऱ्या पॅकेजातली फाइल ओव्हरराइट करतोय' म्हणून अडतो. शिवाय लायब्ररीत 'तपास_इन्स्टॉल' असा ऑप्शन ठेवा आणि वापरताना बंद करा. तो नुसत्या 'सेट' ने बंद होईलच असं नाही: लायब्ररीच्या सीमेक फाइलीत किमान व्हर्जन ३.१३ च्या खाली लिहिलं असेल, तर तिच्यातला 'ऑप्शन' तुमचं साधं व्हेरिएबल पुसून स्वतःचा डीफॉल्ट घेतो. कॅश व्हेरिएबल म्हणून सेट करा, किंवा लायब्ररीतली किमान व्हर्जन वाढवा. डेबियन १२ वर सीमेक ३.२५ आहे, वाढवायला काहीच हरकत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण इथेच लोक सोर्स घेऊनही आपटतात. सोर्स दिला म्हणजे फ्लॅग आपोआप जुळले असं नाही. गेटवेमध्ये '-एफनो-एक्सेप्शन्स' कुठे लिहिलंय ते बघा. 'टार्गेट_कंपाइल_ऑप्शन्स' ने फक्त टेस्टच्या टार्गेटला लावलं असेल, तर तपासचं टार्गेट एक्सेप्शन चालू ठेवूनच बांधलं जाणार, आणि ४८-५६ चा गोंधळ जसाच्या तसा. फ्लॅग 'ॲड_कंपाइल_ऑप्शन्स' ने ॲड_सबडिरेक्टरीच्या आधी लावा. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा, ती कमांड तिच्यानंतर आलेल्या टार्गेटना आणि सबडिरेक्टरींनाच लागू होते. सी++ चं स्टँडर्डही तसंच: 'सीमेक_सीएक्सएक्स_स्टँडर्ड' वरच सेट करा. आणि लायब्ररीतली १४ ची सक्ती काढून तिथे 'टार्गेट_कंपाइल_फीचर्स' मध्ये पब्लिक म्हणून 'सीएक्सएक्स_एसटीडी_१४' लिहा. त्याचा अर्थ 'किमान १४', वापरणाऱ्याने २० सांगितलं तर २० च राहतं.

खात्री करायची तर गेटवेच्या बिल्ड-फोल्डरमध्ये 'मेक व्हर्बोज=१' चालवा आणि तपासच्या एका फाइलीची आणि टेस्टच्या एका फाइलीची कंपाइल ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचा. '-एफ', '-डी' आणि '-एसटीडी' ने सुरू होणारं सगळं सारखं दिसलं पाहिजे. वॉर्निंगचे फ्लॅग वेगळे असले तरी चालतं.

एक गोष्ट करू नका: '/यूएसआर/इन्क्लूड' ला '-आयसिस्टम' ने जोडणं. जीसीसी ६ पासून त्यामुळे इन्क्लूडचा क्रम बिघडतो आणि 'एसटीडीलिब.एच सापडत नाही' असला चक्रावून टाकणारा एरर येतो.

कागल_नाका_डेब

गिट सबमॉड्यूलचं राहिलं. तीन रिपॉझिटरी म्हणजे तीन कॉपी. मॅचरमधला एक बग दुरुस्त केला की तीन ठिकाणी कमिट हलवायचा, आणि एक राहणारच. 'गिट आर्काइव्ह' ने टारबॉल काढलात तर सबमॉड्यूलचा फोल्डर रिकामा येतो, मग डेब बिल्ड पडतो. डेबियनच्या धोरणातही दुसऱ्याचा कोड आपल्या पॅकेजात कोंबून वापरू नये असंच आहे, आणि बिल्ड चालू असताना नेटवर्कवरून काही ओढायला तर बंदीच.

ती बंदी तुमच्या बिनइंटरनेटच्या मशीनला आपसूक लागू आहे. कुठल्या प्रोजेक्टमध्ये सीमेकचं 'फेचकंटेंट' (बिल्डच्या वेळी नेटवरून सोर्स ओढणारं) असेल तर तो काढून टाकायची गरज नाही. 'फेचकंटेंट_सोर्स_डिर_तपास' या व्हेरिएबलला '/यूएसआर/एसआरसी/तपास' हा रस्ता द्या, डाउनलोड टळतो. नाव इंग्रजी मोठ्या लिपीत लिहायचं, छोट्या लिपीत लिहिलं तर सीमेक काही न बोलता दुर्लक्ष करतो. नवीन डेबहेल्पर स्वतःच 'पूर्ण डिस्कनेक्टेड' चा स्विच लावतो, त्यामुळे डेब बिल्डमध्ये चुकून नेटवर जायची भीती नाही.

घरच्या घरी वाटायला रेप्रेप्रो या साधनाने एक एपीटी रिपॉझिटरी करा आणि किल्लीने सही करा. शिरोलीच्या बंद नेटवर्कमध्ये पेनड्राइव्हने नेऊन तीच आरसिंक केली तरी पुरे.

टिंबर_मार्केट_टेस्ट

वरच्या सगळ्यांत एक फट राहते. डेब बांधताना टेस्ट चालतात त्या सोर्सच्या मूळ झाडावर, इन्स्टॉल झालेल्या झाडावर नाही. आतलं हेडर इन्स्टॉल फाइलीत राहून गेलं तरी डीएच_ऑटो_टेस्ट हिरवंच दिसणार. म्हणून ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे इन्स्टॉल झालेलं पॅकेज तपासणारं साधन, लावा.

'डेबियन/टेस्ट्स/कंट्रोल' मध्ये एक टेस्ट, डिपेंड्समध्ये '@', जी++, मेक आणि सीमेक. '@' म्हणजे आपलंच पॅकेज. निर्बंधांत 'अलाऊ-एसटीडीएरर' लिहा, कारण डीफॉल्टने एसटीडीएररवर एक ओळ जरी आली तरी टेस्ट नापास धरली जाते आणि सीमेक तिथे काही ना काही बोलतोच. स्क्रिप्टने '$ऑटोपीकेजीटेस्ट_टीएमपी' मध्ये दोन-तीन टेस्टचा छोटा प्रोजेक्ट तयार करावा आणि तो फ्लॅगच्या जोड्यांनी फिरवावा: सी++ १४, १७, २०, प्रत्येकी एक्सेप्शन चालू आणि बंद, शिवाय २० सोबत ॲड्रेस सॅनिटायझर. सात बिल्ड होतात. त्या छोट्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचा मेंबर असलेला एक फिक्स्चर हवाच, नाहीतर ४८-५६ वाला बग याही जाळ्यातून निसटेल.

आणि लायब्ररीतच एक बदल सुचवतो, पॅकेजिंगपेक्षा त्याचा फायदा जास्त. जो बग गप्प बसतो त्याला लिंक एरर बनवा. हेडरमध्ये एक्सेप्शन चालू आहेत का ते बघून सगळे क्लास वेगवेगळ्या इनलाइन नेमस्पेसमध्ये टाका: चालू असतील तर 'एक्स१', बंद असतील तर 'एक्स०'. वापरणाऱ्याच्या कोडमध्ये काहीच बदलत नाही, नाव तेच लिहायचं. पण सिंबॉलच्या नावात तो एक्स येतो, आणि फ्लॅग न जुळलेली लायब्ररी लिंकच होत नाही. एरर वाचणाऱ्यालाही 'एक्स०' दिसताच कुठे बघायचं ते कळतं.

खरं तर त्याहून साधं म्हणजे तो मेंबर अटीखाली ठेवूच नका. एक्सेप्शन बंद असताना त्या जागी एक रिकामा व्हॉइड पॉइंटर ठेवा. ६४-बिटवर ८, बोर्डावर ४ बाइट, एक्सेप्शन पॉइंटरएवढाच. व्याख्या तरीही दोन राहतात, नियम कागदावर मोडतोच, पण निदान मेंबर एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. माझं मत दोन्ही करा.

गंगावेस_जीसीसी

इनलाइन नेमस्पेसची आयडिया मान्य. मग डॉट-ए दिली तरी चालेल की, चुकीची जोडली तर लिंकच होणार नाही.

टिंबर_मार्केट_टेस्ट

एक्सेप्शनपुरतं बरोबर. पण '_जीएलआयबीसीएक्सएक्स_डीबग' लावला की स्टँडर्ड व्हेक्टरचा आकारच बदलतो, क्लँगवर लिबसी++ घेतली की अख्खी स्टँडर्ड लायब्ररी बदलते. प्रत्येक शक्यतेला नेमस्पेस कुठे करत बसणार? सोर्स द्या आणि वर हे कुंपण घाला.

शिरोली_बिल्ड

फ्लॅग वर हलवले, गेटवेच्या टेस्ट सरळ चालल्या. ती संख्या वेळच होती. डॅशबोर्डही लिंक झाला. आता शेवटचं: प्रत्येक मशीनवर जुनं लिबतपास-डेव्ह बसलेलं आहे. नवीन तपास-सोर्स टाकलं तर ते आपोआप निघेल का? आणि भट्टीशेजारच्या बोर्डांवर सेल्फ-टेस्टचा एक प्रोग्रॅम आम्ही गेटवेसोबत देतो, त्यातही तपास लिंक झालेली आहे.

कागल_नाका_डेब

आपोआप नाही निघणार. पॅकेजचं नाव बदललं की एपीटीच्या लेखी ती दोन वेगळी पॅकेजेस, दोन्ही सुखाने नांदतात. आणि इथे तेच नको आहे: जुने हेडर '/यूएसआर/इन्क्लूड/तपास' मध्ये पडून राहिले तर एखाद्या टार्गेटला तपास जोडायचं राहून गेलं की कंपाइलर तेच उचलतो. तपास-सोर्सच्या कंट्रोलमध्ये 'कॉन्फ्लिक्ट्स: लिबतपास-डेव्ह' बिनव्हर्जनचं लिही. 'रिप्लेसेस' पण लिही, म्हणजे डीपीकेजी जुनं काढून नवीन बसवतो. एखाद्याने हाताने '/यूएसआर/लोकल' मध्ये जुनी कॉपी टाकली असेल तर ती डीपीकेजीला दिसत नाही, तेवढं प्रत्येक मशीनवर 'फाइंड' मारून बघ. '/यूएसआर/लोकल/इन्क्लूड' चा नंबर '/यूएसआर/इन्क्लूड' च्याही आधी लागतो.

पुढे कधी '/यूएसआर/एसआरसी/तपास' चं नाव बदलून जुन्या जागी सिमलिंक ठेवावीशी वाटली तर नुसती पॅकेजात टाकून चालत नाही. त्या जागी आधीच खरी डिरेक्टरी असेल तर डीपीकेजी अपग्रेडमध्ये तिची सिमलिंक करत नाही. त्याला 'डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर' चं 'डिर_टू_सिमलिंक' लागतं.

सेल्फ-टेस्टचं वेगळं आहे. नुसत्या बिल्डपुरत्या टेस्टसाठी काही नोंद लागत नाही, कारण त्या पॅकेजात जातच नाहीत. पण बोर्डावर जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तपासचा कोड आहे, तेव्हा त्या डेबच्या कंट्रोलमध्ये 'स्टॅटिक-बिल्ट-युझिंग' खाली तपासच्या सोर्स पॅकेजचं नाव आणि नेमकी व्हर्जन नोंदव. तपासमध्ये काही दुरुस्त केलं की कुठला प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा ते त्यावरून निघतं. नवीन डेब टाकल्याने बोर्डावरचा जुना प्रोग्रॅम बदलत नाही, तो बांधूनच पाठवावा लागतो.